हार्टवर्मच्या उपचारातला म्हातारा कुत्रा: पहिल्या चाचणीपासून पुन्हा मोकळा सोडेपर्यंत

रस्त्यावरून उचलून आणलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या रक्तात हार्टवर्म निघाला की घरात एकच प्रश्न असतो: औषध कुठलं? औषध महत्त्वाचं आहेच, पण चुका होतात त्या औषधाच्या आजूबाजूला. घाईत केलेलं निदान, ओळखीच्या माणसाने टोचलेली ढोरांची सुई, आणि सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे कुत्रा बरा दिसायला लागला म्हणून सोडलेली साखळी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. हार्टवर्म हा जंत फुफ्फुसांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांत राहतो, संख्या वाढली की हृदयातही उतरतो. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते. औषधाने ती मेली तरी बाहेर पडायला वाट नसते. तिचे तुकडे होतात, रक्ताबरोबर फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात आणि शरीर ते आठवडे-महिने घेऊन हळूहळू जिरवतं. या काळात कुत्रा धावला, भुंकून दमला, की हृदय जोराने रक्त ढकलतं आणि तुकडे एकदम पुढे जाऊन वाहिनी बंद होते. म्हणजे उपचारातला सर्वांत धोक्याचा काळ जंत मरत असतानाचा. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती आखलेले आहेत.

औषधांच्या मात्रा इथे दिल्या आहेत त्या तुम्हाला डॉक्टरांची चिठ्ठी वाचता यावी म्हणून. मात्रा ठरवायची डॉक्टरांनीच.

## टप्पा १: निदान पक्कं करा

किनारपट्टीवर इथेच पहिला घोळ होतो. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घातला, त्यात जंतांची वळवळणारी पिल्लं दिसली, की 'हार्टवर्म' असा शेरा मारून मोकळं व्हायची पद्धत आहे. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कुत्र्यांच्या रक्तात दिसणारी पिल्लं बऱ्याचदा दुसऱ्याच जंताची असतात: डायरोफायलेरिया रेपेन्स. तो कातडीखाली राहतो, हृदयात नाही. खरा हार्टवर्म म्हणजे डायरोफायलेरिया इमिटिस. भारतात त्याची नोंद ईशान्येकडे जास्त झाली आहे, पण इतरत्रही तो सापडतो. दोघेही डासांतूनच येतात आणि दोघांची पिल्लं वरवर सारखीच दिसतात.

म्हणून रक्ताची काच आणि अँटिजेन चाचणी, दोन्ही हव्यात. अँटिजेन चाचणी मोठ्या हार्टवर्म मादीचा अंश पकडते. संच छोटा असतो आणि थोड्या रक्तावर काही मिनिटांत उत्तर देतो. त्यावरून असं ठरवा:

- काचेवर पिल्लं आहेत, अँटिजेन नाही: बहुधा रेपेन्स. आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवायचा उपचार याला लागत नाही. डॉक्टरांना नेमकं हेच विचारा.
- अँटिजेन आहे, पिल्लं असोत वा नसोत: हार्टवर्म धरून चला. तरीही उपचार सुरू करण्याआधी दुसऱ्या कंपनीच्या संचावर चाचणी पुन्हा करून घ्या.
- दोन्ही नाहीत, पण खोकला आणि दम आहे: डास चावल्यापासून मादी मोठी होईपर्यंत सहाएक महिने जातात, त्याआधी चाचणी कोरी येते. सहा महिन्यांनी परत करा. दरम्यान हृदयाचा आणि फुफ्फुसाचा दुसरा आजार शोधा. म्हाताऱ्या कुत्र्याला खोकला यायला हृदयाची झडप सैल होणं एवढंही पुरतं.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत याच टप्प्यावर आणखी चार गोष्टी उरकून घ्या. रक्ताची पूर्ण मोजणी, प्लेटलेटसह. मूत्रपिंड आणि यकृताची तपासणी. लघवीतलं प्रथिन, कारण हार्टवर्म मूत्रपिंडालाही त्रास देतो. छातीचा एक्स-रे, आणि जमलं तर हृदयाची सोनोग्राफी. प्लेटलेट कमी असतील तर गोचीड-ताप तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोकणात रस्त्यावरच्या कुत्र्याला एर्लिकिया आणि बॅबेसिया हे गोचीड-तापाचे जंतू नसले तर नवल. हार्टवर्म आणि गोचीड-ताप एकाच अंगात असणं अगदी नेहमीचं आहे, आणि दोघांतही कुत्रा मलूल पडतो, जेवत नाही.

खबरदारी: चाचणी होईपर्यंत कुणालाही आयव्हरमेक्टिन टोचू देऊ नका. गोचिडांसाठी आणि खरजेसाठी गुरांच्या बाटलीतली सुई कुत्र्याला देण्याची सवय गावोगाव आहे. रक्तात पिल्लं भरलेली असतील तर जास्त मात्रेने ती एकदम मरतात आणि कुत्रा तासाभरात कोसळू शकतो.

लगेच दवाखाना: लघवी कॉफीसारखी काळपट-लाल, हिरड्या पांढऱ्या, उभं राहता येत नाही. जंतांचा गुंता हृदयातच बसल्याची ही लक्षणं. इथे गोळ्या-इंजेक्शनची वाट बघत बसायचं नसतं, जंत बाहेर काढणारा शल्यचिकित्सक शोधावा लागतो.

## टप्पा २: औषध सुरू होण्याआधीची तयारी

डॉक्टर. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींच्या कामात बुडालेला असतो. तिथे रक्त घेतलं जाईल, गोळ्या मिळतील, पण एक्स-रे आणि सोनोग्राफी बहुतेक ठिकाणी नाही. सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना गोवा जवळ पडतो, रत्नागिरी-कणकवलीकडून कोल्हापूर गाठावं लागतं, अलिबागकडचे परळला जातात. म्हणून डॉक्टर दोन ठेवा: एक लांबचा, जो उपचार आखेल, आणि एक जवळचा, जो रात्री फोन उचलेल. दोघांना एकमेकांचे नंबर द्या. उपचाराचा कागद जवळच्या डॉक्टरांकडेही हवा, नाहीतर रात्री अकरा वाजता तुम्हालाच सगळी कथा सांगत बसावं लागतं.

औषधाचा साठा. मोठे जंत मारणारं इंजेक्शन मेलार्सोमिन. ते आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. पहिल्याच दिवशी विचारा: मिळेल का, कधी, आणि तिन्ही डोस पुरतील एवढं मिळेल का? एक डोस टोचून बाकीच्यांसाठी धावपळ करण्यात अर्थ नाही. मिळणार नसेल तर टप्पा ५ मधला दुसरा रस्ता आत्ताच वाचून ठेवा.

वजन. अंदाजे नको. मेलार्सोमिन सोमलाच्या जातीचं औषध आहे, त्यात पुरेशी आणि घातक मात्रा यांच्यात फार अंतर नसतं. घरी काटा नसेल तर काजू खरेदी करणाऱ्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा. प्रत्येक इंजेक्शनच्या आदल्या दिवशी पुन्हा करा.

जागा. पडवीत साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे आराम नव्हे. रस्त्याने कुणी गेलं की तो साखळीला हिसके देतो, वानर कौलावर उतरले की घसा फाटेपर्यंत भुंकतो. आयुष्यभर वानर हाकलणं हेच काम केलेल्या कुत्र्याला ते डोळ्यांसमोर दिसत असताना गप्प बसवता येत नाही. त्याची जागा आत हवी: माजघराचा कोपरा किंवा ओटीचा बंद भाग, जिथून फाटक दिसत नाही. पिंजरा उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढा घ्या. गोठ्याचा कोपरा फळ्यांनी अडवून केलेली जागाही चालते, पण गोठ्यात डास असतात आणि संध्याकाळी धूर. नारळाची सोडणं पेटवून केलेला तो धूर आजारी फुफ्फुसाला सोसत नाही. मच्छर अगरबत्तीचंही तेच. मच्छरदाणी लावा, पंखा लावा.

जमीन बघा. टाइल्सवर म्हातारा कुत्रा घसरतो, सावरायला धडपडतो, आणि ती धडपड आपल्याला नको आहे. गोणपाट पसरून वर जुनी गोधडी घाला. पावसात गोधडी दोन दिवसांत कुबट होते, म्हणून तीन-चार जोड हाताशी ठेवा.

दिनदर्शिका. ही तयारी फारसं कुणी करत नाही, आणि कोकणात तर ती सगळ्यांत आधी व्हायला हवी. पहिल्या इंजेक्शनपासून शेवटच्या इंजेक्शननंतरच्या आठ आठवड्यांपर्यंत साधारण तीन महिने घरात शांतता पाहिजे. गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं, आरत्या, फटाके, दिवसरात्र दार उघडं. शिमग्यात ढोल आणि पालखी अंगणात. मे महिन्यात उकाड्याने धडधाकट कुत्राही धापा टाकतो. जून-जुलैत ओढ्याला पाणी येतं, घाट बंद होतात, लाइट जाते.

माझ्या मते कोकणात सर्वांत सोयीचा क्रम असा: विसर्जन झालं की सप्टेंबरात गोळ्या सुरू. नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळी आटोपली की पहिलं इंजेक्शन. डिसेंबरच्या मध्यावर दुसरं आणि तिसरं. फेब्रुवारीच्या मध्यावर, शिमग्याआधी, बंदिवास संपतो. दोन अडचणी उरतात. सिंधुदुर्गातल्या जत्रा याच दिवसांत येतात, आणि ३१ डिसेंबरला पर्यटकांच्या गावांत फटाके वाजतात. घर किनाऱ्याला लागून असेल तर ती रात्र कुत्र्याला आतल्या खोलीत, पंखा आणि रेडिओ लावून काढा आणि शांत ठेवणारी गोळी डॉक्टरांकडून आधीच आणून ठेवा.

खबरदारी: तारीख सोयीची नाही म्हणून गोळ्या आणि आराम पुढे ढकलू नका. ते निदानाच्या दिवसापासूनच. थोडं मागेपुढे करता येतं ते फक्त इंजेक्शन, तेही डॉक्टरांना विचारून.

वही. एक साधी वही. रोज चार रकाने: झोपेतले श्वास, जेवण, खोकला, दिलेली औषधं. श्वास असे मोजा: कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर-खाली गेली की एक, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. ३० च्या आत असायला हवेत. उपचाराआधीचा आठवडाभर रोज मोजलेत तर तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कळेल. पुढे तोच उपयोगी पडतो.

## टप्पा ३: पहिले २८ दिवस

या महिन्यात दोन औषधं चालतात.

पहिलं डॉक्सीसायक्लिन, साधारणपणे किलोमागे १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २८ दिवस. हार्टवर्मच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जीवाणू राहतात आणि त्यांच्यावाचून जंत खंगतो. डॉक्सीने ते मेले की पुढे जंत मरताना फुफ्फुसाला सूज कमी येते. म्हणून ही गोळी इंजेक्शनच्या आधी. क्रम उलटा करायचा नाही.

दुसरं, महिन्यातून एकदा द्यायचं प्रतिबंधक औषध. ते नवीन जंत वाढू देत नाही. रक्तात पिल्लं खूप असतील तर पहिला डोस दवाखान्यात द्या आणि काही तास तिथेच थांबा.

डॉक्सी देताना होणाऱ्या चुका:

- रिकाम्या पोटी दिली. उलटी होते, मग कुत्रा जेवण सोडतो. अर्धं जेवण झाल्यावर गोळी, मग उरलेलं जेवण.
- दूध, दही, कॅल्शियमचं सरबत किंवा लोहाचं टॉनिक बरोबर दिलं. रोडावलेला कुत्रा आणला की टॉनिक पाजायची घाई असते. त्याने गोळी पुरती अंगी लागत नाही. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या.
- कोरडी गोळी घशात ढकलली. ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. मागून पाणी किंवा पातळ पेज पाजा.
- दहाव्या दिवशी तरतरी आली म्हणून बंद केली. तरतरी येतेच, कारण एर्लिकियाच्या गोचीड-तापावरही हीच गोळी चालते. हार्टवर्म तिथेच आहे.

गोळी लपवायला काटे काढलेला उकडलेला बांगडा, उकडलेलं अंडं, कलेजीचा तुकडा चालतो. सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी मात्र पूर्ण बंद. कुत्र्याला वास आवडतो, घरात ती असतेच आणि थोड्याने काय होतंय असं वाटतं. पण दमलेल्या हृदयाला ते मीठ पाणी धरायला लावतं. भात, अळणी मासळी किंवा कोंबडी, भोपळा, एवढं जेवण पुरेसं आहे. उलट्या थांबतच नसतील तर गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टर मात्रा कमी करून देतात.

आराम पहिल्या दिवसापासूनच, इंजेक्शनपासून नाही. नैसर्गिक विधीसाठी छोट्या पट्ट्याने परसात पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पावसात वळचणीखाली. पायऱ्यांवरून कुत्र्याला उचलून न्या: एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांखाली, पोटावर दाब न देता.

नसबंदी या काळात नको. संस्था, शेजारी, सगळे आठवण करून देतील. त्यांना सांगा, उपचार संपल्यावर.

## टप्पा ४: मधला महिना

डॉक्सी संपली, इंजेक्शन अजून नाही. काहीच होत नाहीये असं वाटतं आणि याच महिन्यात कुत्रे मोकळे सोडले जातात. हा महिना मुद्दाम ठेवलेला आहे: वोल्बाकिया गेल्यावर जंत आतून खंगायला एवढा वेळ लागतो.

यात करायचं काम थोडंच. प्रतिबंधक औषधाचा डोस वेळेवर. वजन. रक्ताची मोजणी पुन्हा, विशेषतः प्लेटलेट आधी कमी असतील तर. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे पडून पडून आखडतात, तर दिवसातून दोनदा पाय हलक्या हाताने वाकवून-सोडून घ्या. कोपरावर आणि कुल्ल्यावर कातडी लाल होतेय का बघा, होत असेल तर गादी जाड करा. कंटाळलेल्या कुत्र्यासाठी जुन्या टॉवेलच्या घड्यांत अंड्याचे तुकडे लपवा. नाकाने शोधायला वीस मिनिटं जातात आणि हृदय धडधडत नाही.

## टप्पा ५: इंजेक्शनं

साधारण ६० व्या दिवशी पहिलं. ९० व्या दिवशी दुसरं आणि लगेच २४ तासांनी तिसरं. हा तीन इंजेक्शनांचा क्रम अमेरिकन हार्टवर्म सोसायटीने सांगितलेला आहे. पहिल्या इंजेक्शनने थोडे जंत मरतात, शरीराला ते जिरवायला महिना मिळतो, मग उरलेले. दोन इंजेक्शनांत साधारण ९० टक्के जंत मरतात, तिनांत ९८ टक्के. 'दोनच देऊ, म्हातारा आहे' असं कुणी म्हणालं तर हा फरक विचारात घ्या. म्हाताऱ्या, अशक्त कुत्र्यातलेच जंत हळूहळू मारण्याची जास्त गरज असते.

इंजेक्शन कमरेच्या वर, मणक्याशेजारच्या जाड स्नायूत खोलवर देतात. ते दुखतं.

आदल्या दिवशी तपासा: वजन घेतलं का? झोपेतले श्वास नेहमीएवढे आहेत का? ताप नाही ना? खोकला वाढलेला असेल तर डॉक्टरांना निघण्याआधीच सांगा. तारीख चार दिवस पुढे गेलेली परवडते.

त्या दिवशी: चारचाकी ठरवा. स्कूटरच्या फळीवर बसवून आणणं या कुत्र्यासाठी नाही. सकाळी लवकर निघा, खिडक्या उघड्या ठेवा, गाडीतही पट्टा बांधा. टोचल्यावर दिवसभर दवाखान्यात किंवा जवळपास थांबता येईल असं बघा. उलटी, लाळ, धाप बहुतेक पहिल्या काही तासांत दिसते.

घरी आल्यावर: टोचलेल्या जागी हात लावू नका. सूज येते, चोळून उतरत नाही. शेक, हळद, तेल काहीही नको. तुमचा अत्यंत गरीब कुत्राही त्या जागेवर हात पडला तर चावेल, हे मुलांना आधी सांगून ठेवा. दोन-तीन दिवस जेवण कमी, चाल ताठ, हे अपेक्षित. वेदनाशामक फक्त डॉक्टरांनी दिलेलं.

खबरदारी: क्रोसिन, कॉम्बिफ्लाम किंवा घरातली कुठलीही माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. एक तर त्या कुत्र्याला विषारी ठरतात, आणि या काळात तो स्टेरॉइडवर असतो. स्टेरॉइड आणि कॉम्बिफ्लामसारखी गोळी एकत्र गेली की जठराला भोकं पडू शकतात.

स्टेरॉइड म्हणजे बहुधा प्रेडनिसोलोन. प्रत्येक वेळी साधारण चार आठवडे, उतरत्या मात्रेने. पहिला आठवडा दोनदा, दुसरा एकदा, मग एक दिवसाआड. एकदम थांबवायची नाही. त्याने तहान लागते, लघवी वाढते, भूक खवळते. पाणी तोडू नका. रात्री एकदा उठून बाहेर न्यावं लागेल, त्याला इलाज नाही. जेवण मात्र वाढवू नका. याच महिन्यात कुत्रे फुगतात.

### इंजेक्शन मिळतच नसेल तर

दुसरा रस्ता आहे: डॉक्सीचा महिनाभराचा कोर्स, आणि दर महिन्याला मानेवर ओतायचं मॉक्सिडेक्टिन. मोठे जंत यात हळूहळू, वर्ष किंवा जास्त काळात मरतात. हा रस्ता सौम्य वाटतो म्हणून घरचे खूश होतात, पण या सगळ्या काळात जंत वाहिन्यांना इजा करतच असतात आणि मेलेला प्रत्येक जंत तोच धोका घेऊन येतो. म्हणजे आरामही तेवढाच लांबतो. अँटिजेन दर सहा महिन्यांनी, आणि लागोपाठ दोन चाचण्या कोऱ्या येईपर्यंत औषध चालू. सलग वर्षभर म्हाताऱ्या कुत्र्याला रोखून धरणं तुमच्या घरात जमेल का, याचा विचार प्रामाणिकपणे करा. माझ्या मते इंजेक्शनसाठी आणखी एक शहर फोनवर पालथं घालणं जास्त शहाणपणाचं.

मॉक्सिडेक्टिन कातडीवर पडलं पाहिजे, केसांवर नाही. दोन दिवस आंघोळ नको. घरात दुसरं कुत्रं असेल तर वाळेपर्यंत त्याला चाटू देऊ नका.

## टप्पा ६: शेवटच्या इंजेक्शननंतरचे सहा ते आठ आठवडे

धोका सर्वाधिक असतो तो इंजेक्शननंतर साधारण ७ ते १० दिवसांनी, पण चार आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतो. पहिले तीन दिवस घरातले सगळे पिंजऱ्याभोवती असतात. सातव्या दिवशी कुणाचंच लक्ष नसतं. दिनदर्शिकेवर ५ ते १४ हे दिवस लाल पेनने रंगवा. त्या दिवसांत घरात एक माणूस हवाच.

रोज सकाळ-संध्याकाळ बघा:

- झोपेतले श्वास. नेहमीपेक्षा वाढत चालले किंवा ३० च्या वर गेले तर फोन.
- हिरड्या. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, मग खालची पापणी ओढून आतला रंग बघा. गुलाबी हवा. पांढरा, राखाडी किंवा निळसर नको.
- ताप. गुदद्वारातून घ्या. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३ च्या वर गेला तर फोन.
- खोकला. थोडा वाढतो. सतत येऊ लागला तर फोन, त्यात रक्त दिसलं तर थेट गाडी.

अचानक धाप, कोसळणं, जीभ निळी पडणं: वाट बघू नका. उचलून गाडीत ठेवा, चालवू नका, वाटेत डॉक्टरांना फोन करा म्हणजे ते ऑक्सिजन तयार ठेवतील. गाडीवाला कोण, रात्री कोण, हे लाल दिवसांच्या आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो क्षण येतो. खोकला थांबलेला, डोळे चमकतायत, शेपटी हलतेय, ताटलीचा आवाज आला की उड्या. कोपऱ्यातून म्हातारी माणसं म्हणतात, 'सोड रे बिचाऱ्याला, किती कोंडशील?' इथे त्यांच्याशी वाद घालू नका. पिंजऱ्याला कुलूप लावा आणि चावी खिशात ठेवा. तुम्हाला दिसतोय तो स्टेरॉइडवरचा उत्साह आहे, फुफ्फुसातले तुकडे अजून जिरलेले नाहीत. उत्साह आवरतच नसेल तर डॉक्टर ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिनसारखी शांत करणारी गोळी देतात. मागायला लाजू नका. कुत्र्याला गोळीने शांत ठेवणं क्रूर वाटतं अनेकांना. पिंजऱ्याच्या गजांवर दिवसभर उड्या मारू देणं जास्त क्रूर आहे.

## टप्पा ७: मोकळीक, हप्त्याहप्त्याने

आठ आठवडे झाले, डॉक्टरांनी छाती तपासली, हो म्हणाले. तरीही फाटक उघडून सोडायचं नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मांड्या पाच महिन्यांत वितळलेल्या असतात.

पहिला आठवडा: पट्ट्याने दहा मिनिटं सपाट वाटेवर, दिवसातून दोनदा. दुसरा: वीस मिनिटं. तिसरा: थोडा चढ. मग अंगणात पट्ट्याशिवाय, तुमच्या देखत. पुळणीवर नेऊ नका इतक्यात, ओल्या वाळूत पाय रुततात आणि मोकळी जागा दिसली की म्हाताराही धावतो. प्रत्येक पायरीनंतर त्या रात्रीचे श्वास मोजा. वाढले तर एक पायरी मागे.

चाचण्या दोन. शेवटच्या इंजेक्शननंतर महिन्याभराने रक्तात पिल्लं आहेत का. नऊ महिन्यांनी अँटिजेन. त्याआधी अँटिजेन केली तर मेलेल्या जंतांमुळेही ती 'आहे' दाखवू शकते आणि घरात उगाच रडारड होते. नऊ महिन्यांनीही 'आहे' असंच आलं तर पुढचा निर्णय डॉक्टरांबरोबर.

प्रतिबंधक औषध आता मरेपर्यंत, बारा महिने. कोकणात डासांना सुट्टीचा हंगाम नसतो, म्हणून 'पावसाळ्यापुरतं' हा हिशेब इथे चालत नाही. एकदा हार्टवर्म झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही.

घरातल्या आणि वाडीतल्या इतर कुत्र्यांची चाचणी करून घ्या. हा आजार चाटण्याने, एका ताटलीत जेवण्याने पसरत नाही. डास एकाचं रक्त पितो, पिल्लं त्याच्या पोटात साधारण दोन आठवडे वाढतात, मग तो दुसऱ्याला चावतो. तुमच्या कुत्र्याच्या रक्तात पिल्लं असताना शेजारचा कुत्राही त्याच डासांच्या टप्प्यात होता. करवंट्या, माडाखाली पडलेले टायर, गुरांची दोण, छपरावरच्या प्लास्टिकच्या घड्या, हे दर आठवड्याला उपडं करा. दोण रिकामी करणं जमत नसेल तर तीत गप्पी मासे सोडा.